प्लास्टिकच्या खुर्चीत दगडाची पूड कशासाठी? आणि तिच्यामुळे चकाकी का बदलते?

गच्चीवर दोन-तीन उन्हाळे काढलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते. काळी पँट घालून त्या खुर्चीवर बसलेला माणूस उठला की मागे पांढरा ठसा दिसतो. गाडीच्या काळ्या डॅशबोर्डवर किल्ली घासली गेली, तर तिथेही पांढरट ओरखडा उमटतो. ओल्या फडक्याने पुसल्यावर तो नाहीसा झाल्यासारखा वाटतो, पण वाळला की पुन्हा हजर. काळा रंग तर प्लास्टिकमध्ये आरपार मिसळलेला असतो. मग आतून पांढरे आले कुठून?

दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात एक गोष्ट समान आहे. या वस्तूंच्या प्लास्टिकमध्ये बहुतेक वेळा दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. कारखान्यात तिला 'फिलर' म्हणतात. ती कधी चुनखडीची किंवा संगमरवराची असते, कधी शंखजिऱ्याची, म्हणजे ज्या मऊ दगडापासून टाल्कम पावडर होते त्याची, तर कधी अभ्रकाची.

हे ऐकले की पहिला शब्द तोंडात येतो तो 'भेसळ'. काही वेळा तो खराही असतो. पण गाडीचा डॅशबोर्ड आणि बंपर बनवणारे अभियंते हीच पूड मोजूनमापून, मुद्दाम घालतात. तीच पूड एका ठिकाणी वस्तू सुधारते आणि दुसऱ्या ठिकाणी बिघडवते. हा फरक सर्वात आधी दिसतो तो पृष्ठभागावर.

पूड घालतात तरी का?

खुर्च्या, बादल्या, डॅशबोर्ड, बंपर यांसाठी सर्वाधिक वापरले जाणारे प्लास्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, थोडक्यात 'पीपी'. ते स्वस्त आहे, हलके आहे आणि रसायनांना दाद देत नाही. पण ते मऊ आहे. उन्हात तापलेल्या गाडीत साध्या पीपीचा लांबलचक डॅशबोर्ड हळूहळू वाकेल. शिवाय साच्यात थंड होताना ते साधारण दीड ते दोन टक्के आकसते. मीटरभर लांबीच्या भागात हा फरक दीड-दोन सेंटिमीटरचा होतो, आणि सगळीकडे सारखा आकसला नाही तर भाग वेडावाकडा होतो.

त्यात २० टक्के शंखजिरे घातले की प्लास्टिक ताठ होते, उष्णता जास्त सोसते आणि आकसणे एक टक्क्याच्या आसपास येते. एवढ्यासाठी हा खटाटोप. बाहेरून न दिसणाऱ्या भागांत पुडीचे प्रमाण याहून बरेच वाढवता येते. वॉशिंग मशीनचा बाहेरचा, कधीच नजरेस न पडणारा टब हे त्याचे उदाहरण. तिथे चकाकीची पर्वा कोणाला नसते.

दुसरे कारण पैशाचे, आणि तिथे हिशेब वाटतो तेवढा सोपा नाही. पीपीची घनता सुमारे ०.९ आहे, शंखजिऱ्याची २.७ ते २.८. म्हणजे पूड तिप्पट जड. समजा, साध्या पीपीची एक खुर्ची दोन किलोची आहे. तोच साचा २० टक्के पूड असलेल्या मालाने भरला तर खुर्ची सुमारे २.३ किलोची होईल. त्यात प्लास्टिक १.८५ किलो आणि पूड साधारण ४६० ग्रॅम. वजनाने २० टक्के पूड घालूनही प्लास्टिक वाचले ते जेमतेम दीडशे ग्रॅम, कारण साचा वजनाने नव्हे तर आकारमानाने भरतो आणि आकारमानात ती पूड आठ टक्केही भरत नाही.

यातून गिऱ्हाइकाच्या कामाची एक गोष्ट निघते. दुकानात खुर्ची उचलून 'चांगली जड आहे, म्हणजे मजबूत असणार' असा अंदाज बांधण्याची आपल्याकडे सवय आहे. लाकडाच्या खुर्चीला तो लागू पडेल. प्लास्टिकच्या खुर्चीत मात्र वाढलेले वजन जाड भिंतीचे असू शकते, तसेच नुसत्या चुनखडीचेही असू शकते.

चकाकी म्हणजे नक्की काय?

पृष्ठभागावर पडलेला प्रकाश आरशासारखा एकाच दिशेने परतला तर तो चकाकतो. दहा दिशांना विखुरला तर मंद दिसतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. (माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज येईल.) त्यामुळे बोटाला अजिबात न जाणवणारे अर्ध्या-एक मायक्रॉनचे उंचवटेही चकाकी मारायला पुरेसे ठरतात.

कारखान्यात ती ग्लॉसमीटरने मोजतात. ठरावीक कोनातून, बहुधा ६० अंशांतून, प्रकाश टाकायचा आणि समोरच्या बाजूला किती पोचला ते पाहायचे. १.५६७ अपवर्तनांकाच्या गुळगुळीत काळ्या काचेला १०० एकक मानले आहे. मिक्सरचे चकचकीत कवच या मोजपट्टीवर बरेच वर असते, तर गाडीचा डॅशबोर्ड सहसा एक अंकी आकड्यात. डॅशबोर्डची चकाकी मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर दुपारच्या उन्हात त्याचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडून चालवणाऱ्याला रस्ता नीट दिसणार नाही. म्हणजे मंद पृष्ठभाग हा दरवेळी दोष नसतो. तो हवा होता की आपोआप झाला, एवढाच प्रश्न असतो.

साच्यात काय घडते?

इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनमध्ये प्लास्टिकचा दाणा दोनशे-सव्वादोनशे अंशांवर वितळवून मोठ्या दाबाने पोलादी साच्यात ढकलतात. साचा मात्र थंड ठेवलेला असतो, पीपीसाठी साधारण २० ते ६० अंश. आत घुसणारा लोंढा पाइपातून पाणी सरकावे तसा एकसारखा सरकत नाही. मधला भाग वेगाने पुढे येतो, टोकाशी पोचला की कारंज्यासारखा दोन्ही बाजूंना उलगडतो आणि साच्याच्या भिंतीला टेकतो. टेकता क्षणीच गोठतो. हाती येणाऱ्या वस्तूची कातडी ती हीच. आतले प्लास्टिक त्यानंतरही काही काळ वितळलेले राहून मागून दाब देत असते.

सगळा खेळ या कातडीचा आहे. गवंडी भिंतीला गिलावा करतो तेव्हा शेवटी थापीने घोटतो. वाळूचे कण आत दबतात, सिमेंटचे दूध वर येते आणि भिंत गुळगुळीत दिसते. घोटण्याआधीच गिलावा वाळला तर वाळू वर उघडी राहते. साच्यातही असेच आहे. कातडी थोडा वेळ मऊ राहिली, मागून दाब नीट मिळाला, तर निव्वळ प्लास्टिकचा एक अतिशय पातळ थर पुढे येऊन साच्याच्या पॉलिशला चिकटतो आणि पुडीचे कण त्याच्या आड राहतात. कातडी लवकर गोठली तर कण पृष्ठभागाशीच अडकतात.

पूड इथे दोन प्रकारे आडवी येते. एक तर दगड हा प्लास्टिकपेक्षा दहापटीहून चांगला उष्णतावाहक आहे. पूड घातलेला माल लवकर थंड होतो. कारखानदाराला ते आवडते, कारण दर तासाला जास्त नग निघतात; पण कातडीला घोटून घ्यायला वेळ कमी मिळतो. दुसरे म्हणजे थंड होताना प्लास्टिक आकसते, दगड जवळजवळ आकसत नाही. दोन कणांमधले प्लास्टिक किंचित खाली बसते आणि कण उंचवट्यासारखे वर राहतात. ओल्या वाळूतले पाणी मुरले की खडे वर दिसू लागतात, तसे.

म्हणून मोल्डिंगच्या शॉपमध्ये पृष्ठभाग मंद आला की अनुभवी माणूस पहिल्यांदा साच्याचे तापमान वाढवून बघतो, मग भरण्याचा वेग आणि मागचा दाब. यात खर्च वेळेचा असतो: साचा गरम ठेवला की प्रत्येक नग थंड व्हायला जास्त सेकंद लागतात. १९७२ साली फ्रान्समध्ये आंरी मासोने यांनी जी एकसंध प्लास्टिकची खुर्ची बाजारात आणली, ती दोन मिनिटांच्या आत साच्यातून निघत असे. आजच्या खुर्च्यांचे सगळे गणितही त्या सेकंदांवरच चालते. तिथे चकाकीसाठी दहा सेकंद जास्त देणे सोपे नसते.

दगडागणिक फरक

शंखजिरे हे निसर्गातल्या सर्वात मऊ खनिजांपैकी एक. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह मापनश्रेणीत त्याला १ हा आकडा आहे. नखाने ओरबाडता येते. त्याचे कण पापुद्र्यांसारखे असतात. लोंढ्यात वाहताना हे पापुद्रे साच्याच्या भिंतीला समांतर झोपतात. ते नीट झोपले तर पृष्ठभाग बऱ्यापैकी सपाट येतो, पण साध्या पीपीसारखी ओली चकाकी येत नाही. भारतात ते मुख्यतः राजस्थानातून येते.

चुनखडीची किंवा संगमरवराची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, हिचे कण ओबडधोबड पण सगळ्या बाजूंनी साधारण सारखे असतात. ताठपणा ती शंखजिऱ्याइतका देत नाही. पण बारीक दळलेली असेल तर पृष्ठभागाला कमी त्रास देते आणि पांढरी असल्याने पांढऱ्या वस्तूत खपून जाते. खुर्च्या, टेबले, घरगुती वस्तूंत तिचाच भरणा जास्त.

बराईट, म्हणजे बेरियम सल्फेट, हे या घरातले श्रीमंत पाहुणे म्हणावे लागेल. घनता ४.५, म्हणून जड. बारीक, गोलसर कणांमुळे चकाकी फारशी कमी होत नाही. म्हणून वजनदार आणि तरीही चकचकीत वस्तू हवी असेल तिथे ते वापरतात. आंध्र प्रदेशातले मंगमपेट येथील बराईटचे साठे जगातल्या मोठ्या साठ्यांत मोजले जातात. दर परवडत नसल्याने खुर्चीत मात्र ते कोणी घालत नाही.

अभ्रकाचे पापुद्रे मोठे आणि चपटे असतात. ताठपणा भरपूर, पण पृष्ठभागावर ते चमचमतात आणि डाग पडल्यासारखे दिसतात. वोलास्टोनाइट सुईच्या आकाराचे असते. ओरखड्यांना ते शंखजिऱ्यापेक्षा चांगले तोंड देते, पण शंखजिऱ्याहून बरेच कठीण असल्याने साच्याची आणि मशीनच्या स्क्रूची झीज वाढवते.

काचतंतू हे खनिज पुडीत मोडत नाहीत, पण तुलनेसाठी त्यांच्याकडे पाहावे. दहा-बारा मायक्रॉन जाडीचे आणि काही शे मायक्रॉन लांबीचे हे तंतू कातडीतून डोकावतात आणि काळ्या भागावर राखाडी, केसाळ डाग पाडतात. बॉनेटखालच्या रेडिएटरच्या टाकीला ते चालते. पण चाकाच्या दिसणाऱ्या कव्हरसाठी नायलॉन वापरायचे असेल तर काचतंतूंऐवजी खनिज पूड पसंत करतात. ताकद थोडी कमी, रूप जास्त.

आणि मिक्सर, टीव्ही, हेल्मेट यांची चकचकीत कवचे? ती सहसा एबीएस या वेगळ्या प्लास्टिकची असतात. ते मुळातच कमी आकसते आणि ताठ असते, त्यामुळे त्याला पुडीची गरज फारशी पडत नाही.

बारीक दळलेली, की घाईत मिसळलेली?

पुडीच्या पोत्यावर कणांचा सरासरी आकार लिहिलेला असतो, समजा दोन-तीन मायक्रॉन. पण पृष्ठभाग बिघडवतात ते सरासरी कण नव्हेत. लाखात एखादा वीस-तीस मायक्रॉनचा कण राहून गेला तरी तो काळ्या पॉलिशवर टाचणीच्या टोकाएवढा डाग होऊन दिसतो. तांदळात एकच खडा असला तरी दाताखाली तोच येतो. म्हणून चांगल्या दर्जाच्या पुडीची किंमत तिच्या सर्वात मोठ्या कणावर ठरते.

बारीक पुडीची वेगळी तक्रार असते. जितकी बारीक, तितकी ती एकमेकांना धरून गुठळ्या करते. पिठल्यात बेसनाच्या होतात तशाच. दोन मायक्रॉनचे शंभर कण चिकटून बसले की त्यांचा मिळून एक मोठा खडा झाला. हे टाळायला चुनखडीच्या कणांवर स्टिअरिक आम्लाचा, म्हणजे साबण-मेणबत्तीत वापरल्या जाणाऱ्या पदार्थाचा, पातळ लेप देतात. त्याने कण प्लास्टिकमध्ये सुटे पसरतात.

मिसळण्याची जागाही महत्त्वाची. चांगल्या कामात पूड आणि प्लास्टिक आधी दोन स्क्रूंच्या मशीनमध्ये मळून त्याचा दाणा पाडतात आणि तो दाणा मोल्डिंगला जातो. घाईच्या कामात साधा दाणा आणि चुनखडीने ठासून भरलेला 'फिलर मास्टरबॅच' मोल्डिंग मशीनच्या तोंडाशीच एकत्र ओततात. त्या मशीनचा स्क्रू मुख्यतः वितळवण्यासाठी असतो, मळण्यासाठी नव्हे. परिणाम डोळ्यांना दिसतो: पांढरे ठिपके, ढगाळ रेघा, एकाच खुर्चीच्या पाठीवर दोन छटा. ओल धरलेली पूड आली तर त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पृष्ठभागावर चंदेरी फराटे उठतात. पावसाळ्यात उघड्या पोत्यांतला माल वापरणाऱ्यांना हे फराटे चांगले ओळखीचे असतात.

ठिपके आणि रेघा नुसत्या दिसण्याच्या नाहीत. गुठळी असते तिथून तडा सुरू होतो. खुर्चीच्या पाठीला भोके असतात. वितळलेला माल भोकाला वळसा घालून पलीकडे पुन्हा मिळतो तिथे जी बारीक रेघ उठते तिला 'वेल्ड लाइन' म्हणतात. पापुद्र्यांसारखे कण या रेघेत आडवे होऊन बसतात, दोन प्रवाहांना नीट एकजीव होऊ देत नाहीत. ही रेघ ठळक दिसत असेल, बोटाला लागत असेल, तर पाठीवर रेलणाऱ्याने ती पाहून ठेवलेली बरी.

पूड पृष्ठभाग सुधारते तेव्हा

इथवर वाचून पूड म्हणजे पृष्ठभागाची शत्रू असे वाटेल. पण साध्या पीपीच्या मोठ्या भागावर आणखी एक दोष दिसतो: जिथे आतल्या बाजूला आधाराची फासळी असते, तिथे बाहेरून उथळ खळगा पडतो. फासळीपाशी प्लास्टिक जाड असते, उशिरा थंड होते आणि आकसताना कातडीला आत ओढते. पुडीमुळे आकसणे कमी झाले की हा खळगाही कमी होतो. म्हणजे मायक्रॉनच्या मापाने पाहिले तर पुडीने पृष्ठभाग खडबडीत केला. हातभर अंतरावरून पाहिले तर तोच भाग जास्त सपाट, सरळ दिसू लागला. डोळ्यांना दोन्ही कळते, पण डॅशबोर्डवरचा खळगा मंदपणापेक्षा जास्त खुपतो.

राहिलेला मंदपणा लपवायला साच्यावरच चामड्यासारखी नक्षी कोरतात. गाडीच्या आत दिसणारे 'लेदर फिनिश' बरेचदा ही कोरीव नक्षी असते. तीही कायम टिकत नाही. काचतंतू किंवा कठीण कणांचा माल हजारो वेळा घासून गेला की साच्याची नक्षी माल शिरण्याच्या जागी झिजते आणि पुढच्या नगांवर तिथे चमकदार ठिगळ दिसते. मऊ शंखजिऱ्याने साचा कमी झिजतो, हा त्याचा मोठा गुण. पूड जर गारेच्या दगडाचे कण न काढता आली असेल, तर मात्र तोही गुण जातो.

बंपरवरचे वाघाचे पट्टे

रंग न दिलेला काळा बंपर किंवा दाराखालची पट्टी तिरप्या उन्हात पाहिली तर कधीकधी आलटूनपालटून चकचकीत आणि मंद असे आडवे पट्टे दिसतात. मोल्डिंगच्या भाषेत ही 'टायगर स्ट्राइप'. बंपरच्या मालात पीपी, रबर आणि शंखजिरे असे त्रिकूट असते. लांबच्या प्रवासात लोंढ्याचे टोक डगमगू लागते, एकदा या भिंतीवर आधी टेकते, एकदा त्या. त्यामुळे एका बाजूला चकचकीत पट्टा असतो तिथेच मागच्या बाजूला मंद पट्टा सापडतो. यात भेसळ नसते, मालाची प्रवाहिता आणि भरण्याचा वेग यांचे न जमलेले गणित असते. चाकण, पिंपरी-चिंचवड, वाळूज या पट्ट्यांत गाड्यांचे भाग बनवणाऱ्या मोल्डिंगवाल्यांसाठी हा रोजच्या तपासणीतला विषय आहे. गाडीच्याच रंगात रंगवलेल्या बंपरवर हे पट्टे रंगाखाली झाकले जातात.

ओरखडा पांढरा का दिसतो?

आता डॅशबोर्डवरच्या त्या ओरखड्याकडे येऊ. 'आतली पांढरी पूड बाहेर आली' हे स्पष्टीकरण सोपे आहे, पण अपुरे. शंखजिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे १.५७, पीपीचा १.५ च्या जवळ. फरक इतका थोडा की प्लास्टिकने चहूबाजूंनी वेढलेली पूड जवळजवळ दिसतच नाही. काळा रंग तिला सहज गिळतो.

किल्ली घासली जाते तेव्हा प्लास्टिक ताणले जाते आणि कणांपासून सुटते. प्रत्येक कणाभोवती हवेची बारीक पोकळी होते. हवेचा अपवर्तनांक १. आता फरक ०.०७ चा न राहता ०.५ चा झाला आणि त्या जागी प्रकाश जोरात विखुरला जाऊ लागला. दह्याचा फेस किंवा कुटलेला बर्फ पांढरा दिसतो त्यामागे हेच कारण आहे. ओरखड्यावर पाणी किंवा तेल लावले की तो तात्पुरता पुसट होतो, कारण पोकळीत हवेऐवजी द्रव शिरतो. बाजारात मिळणाऱ्या डॅशबोर्ड पॉलिशचा चमत्कार बराचसा एवढाच असतो.

कारखाने यावर काही उपाय करतात: कण आणखी बारीक घेणे, प्लास्टिक आणि कण यांना जोडणारे रसायन घालणे, किंवा इरुकामाइडसारखा मेणचट पदार्थ मिसळणे, जो हळूहळू पृष्ठभागावर येऊन किल्लीला घसरू देतो. हा पदार्थ जास्त झाला तर डॅशबोर्ड चिकट लागतो आणि त्यावर धूळ बसते.

उन्हातली खुर्ची

गच्चीवरच्या खुर्चीची गोष्ट वेगळी आहे. तिथे घासणारी किल्ली नसते, ऊन असते. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण पीपीच्या लांब साखळ्या तोडतात. हे वरच्या पातळ थरात आधी घडते. तो थर ठिसूळ होऊन झडतो आणि त्याने झाकून ठेवलेले कण उघडे पडतात: चुनखडीची पूड, आणि पांढऱ्या रंगासाठी घातलेले टायटॅनियम डायऑक्साइड. हाताला लागते ती हीच भुकटी. जुन्या भिंतीचा रंग हाताला लागतो, तसाच हा प्रकार.

म्हणजे पूड इथे गुन्हेगार नाही, ती झाकण गेल्याची खूण आहे. मूळ दोष बहुधा वेगळा असतो: अतिनील किरणांपासून वाचवणारे स्थिरीकारक रसायन मालात कमी पडलेले किंवा घातलेलेच नसणे. मात्र पूड पूर्णपणे निर्दोषही नाही. काही खनिजांचे कण ही महागडी रसायने स्वतःच्या पृष्ठभागावर धरून ठेवतात, त्यामुळे प्लास्टिकच्या वाट्याला ती कमी येतात. शंखजिऱ्यात लोहाचा अंश असेल तर प्लास्टिक आणखी लवकर जुने होते. म्हणून पूड वाढवली की स्थिरीकारकही वाढवावे लागते. पैसे वाचवण्यासाठी पूड वाढवणारा हा दुसरा खर्च करील का, हे ज्याने त्याने ओळखावे.

नवी असताना अशी खुर्ची दुकानात उलट जास्त पांढरी, जास्त ताठ आणि जास्त सरळ दिसते. फरक उघडा पडायला एक-दोन उन्हाळे जावे लागतात. भुकटी सुटू लागलेल्या खुर्चीचे पाय वाकवून पाहिले आणि बारीक तडे दिसले, तर म्हाताऱ्या माणसाला किंवा स्टुलासारखे चढून उभे राहणाऱ्याला त्या खुर्चीपासून लांब ठेवावे. अशा खुर्चीचा पाय वाकून सूचना देत नाही, एकदम तुटतो.

घरच्या घरी कसे ओळखाल?

गाडीच्या भागांच्या मागच्या बाजूला बाणांच्या कंसात सामग्रीचे नाव कोरलेले असते. त्यात 'पीपी' नंतर 'टीडी २०' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे दिसली तर २० टक्के शंखजिऱ्याची पूड असे समजावे. 'जीएफ ३०' म्हणजे ३० टक्के काचतंतू. स्वस्त खुर्चीवर असे काही क्वचितच सापडते.

तिथे पाण्याची परीक्षा उपयोगी पडते. तुटलेल्या खुर्चीचा भरीव तुकडा बादलीत टाका, चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसा. साधे पीपी पाण्यावर तरंगते. वजनाने साधारण १५ टक्क्यांच्या पुढे पूड गेली की त्याची घनता पाण्यापेक्षा जास्त होते आणि तुकडा बुडतो. ही परीक्षा पीपी आणि पॉलिथिनसाठीच खरी. एबीएस किंवा नायलॉन पूड नसतानाही बुडतात. तुकडा वाकवल्यावर पडणारी पांढरी घडी मात्र पुरावा धरू नये, कारण रबर मिसळलेले काही पीपी पूड नसतानाही तशीच पांढरी होतात.

भंगारात गेल्यावर हीच पाण्याची परीक्षा मोठ्या प्रमाणावर होते. पुनर्वापराच्या कारखान्यात प्लास्टिकचा चुरा पाण्याच्या टाकीत सोडतात. वर तरंगते ते पीपी आणि पॉलिथिन, खाली बसते ते बाकीचे. पूड भरलेला पीपीचा चुरा खाली जातो आणि नको त्या ढिगात मिसळतो. थोडी पूड असलेला चुरा वर तरंगतो आणि साध्या पीपीबरोबर पुन्हा दाण्यात येतो. त्या दाण्यात पूड किती, कोणती आणि किती बारीक, हे मग कोणालाच नक्की सांगता येत नाही. असा दाणा घेणारा मोल्डिंगवाला चकचकीत काम सहसा अंगावर घेत नाही. त्याच्या कुंड्या, क्रेट आणि गर्द रंगाच्या बादल्या होतात.